डिकीतली पेटी

दुकानदाराने माझ्याकडे न बघताच विचारलं, "साहेबांची गाडी कुठली?"

"गाडी माझी आहे," मी म्हटलं.

"तेच ते. पण साहेबांना एकदा विचारून घ्या. बारा इंची वूफर आणि त्याचा बॉक्स बसवला की डिकी संपली. मग घरात वाद होतात, लेडीज लोक परत घेऊन येतात."

मी द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रांचं काम करते. राहायला सानपाड्याला. रोज जाऊन-येऊन दोन-सव्वादोन तास गाडीत जातात, आणि त्यातला अर्धा वेळ मागेपुढे ट्रेलर असतात. नवरा ट्रेनने जातो. गाडी म्हणजे एक छोटी हॅचबॅक, सात वर्षं जुनी. ती माझ्याच हातात असते. साहेबांना विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"पण कशाला हवंय?" हा प्रश्न मला पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येकाने विचारला. उत्तर साधं होतं. एकदा माझी गाडी सर्व्हिसिंगला होती तेव्हा यार्डात कंटेनर उचलायचं मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरने मला सानपाड्यापर्यंत सोडलं. त्याच्या गाडीत मागे भलामोठा बॉक्स होता. गाणं हळदीत वाजतं तसलंच, शंभरदा ऐकलेलं. पण त्यातला ढोल कानात नाही, पाठीत वाजला. घर आलं तरी मी गाणं संपेपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीत तेच गाणं लावलं, तर डब्यात वाटाणे हलवल्यासारखं वाटलं. शेजारून ट्रेलर गेला की तेही ऐकू येईना. मला ते आवडलं होतं, एवढंच. पण बाईमाणसाला एखादी गोष्ट नुसती आवडते म्हणून हवी असली, की समोरचा पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो.

वूफर, म्हणजे ढोलाचा खालचा आवाज काढणारा मोठा स्पीकर, आणि अॅम्प्लिफायर मी घेतलेच. तयार बॉक्स मात्र घेतला नाही, कारण वूफरबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं की याला आत साठ लिटर हवा लागते, आणि दुकानातले सगळे बॉक्स त्याच्या अर्धे होते. माझ्या डिकीच्या मापाने बनवून घ्यायचं ठरवलं. आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या सुताराने चार वेळा "उद्या येतो" म्हटलं आणि पाचव्या वेळी फोन उचलला नाही. हे मी माहेरी, उरणजवळच्या मोरा गावात, बोलून गेले. बाबा जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "माज्याकडं आन."

माझा बाबा होड्या बांधायचा. मोऱ्याच्या जेट्टीपासून थोडं आत त्याची शेड आहे. फायबरच्या होड्या आल्या तसं लाकडाचं काम आटत गेलं, आणि आता कुणाची फळी बदल, कुणाचं सुकाणू नीट कर, एवढंच येतं. बहात्तराव्या वर्षीही हात पक्का आहे. मला वाटलं, घरचंच माणूस आहे, लवकर होईल.

पहिला रविवार लाकडावरच गेला. मी एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या भुशाची, शीट घेऊन गेले होते, कारण सगळीकडे तेच वापरतात. बाबाने ती बोटाने वाजवली, एक तुकडा कापला आणि बादलीतल्या पाण्यात टाकला.

"बाबा, ही गाडीत राहणार आहे. समुद्रात नाही."

"पावसात डिकी गलत नाय काय तुजी?"

गळते. थोडीशी. पण मी ते कबूल केलं नाही. पुढच्या रविवारी त्याने तो तुकडा माझ्या हातात ठेवला. चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगला होता. मग त्याने एका मोठ्या होडीच्या केबिनचं उरलेलं मरीन प्लाय काढलं आणि माझी शीट शेडच्या दाराला टेकवून ठेवली. पुढे कोंबड्यांच्या खुराड्यावर ती बसली.

मी कागदावर सगळं लिहून नेलं होतं. लांबी, रुंदी, उंची, वूफरचं भोक, आणि हवा बाहेर यायला पुढच्या बाजूला एक लांबट तोंड. बाबाने कागद चष्म्याजवळ धरला, घडी घालून खिशात ठेवला, आणि गाडीच्या डिकीत जुन्या वर्तमानपत्रांचे कागद चिकटवून त्यावर पेन्सिलीने चाकाच्या कमानीचा बाक उतरवून घेतला. मी म्हटलं, चौकोनीच कर, सोपं पडेल. तो म्हणाला, "चौकोनी पेटी ठेवली तर बाजूची जागा फुकट जाईल." हे खरं होतं, म्हणून मी वर्तमानपत्राचं टोक धरून दिलं. ते तोंड मात्र त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. सगळे सांधे हवाबंद करायचे आणि मग पुढे हातभर भोक ठेवायचं, यात त्याला कसलाच अर्थ दिसेना.

"आवाज तिथूनच येतो," मी म्हटलं.

"मंग बाकीची पेटी कशाला?"

मी मोबाइलवर वाचलेलं त्याला ऐकवलं. तो "हं" म्हणाला आणि रंधा उचलला.

चौथ्या रविवारी पेटी तयार होती. मी तोपर्यंत इतकी कंटाळले होते की आत डोकावून पाहायचंही सुचलं नाही. बाहेरून मात्र दोन फेऱ्या मारून पाहिली. एका बाजूने चाकाच्या कमानीचा बाक जसाच्या तसा, सगळे कोपरे गोल घासलेले, वरून तीन हात पॉलिश. शेजारचे दोघे नाखवे उचलायला आले. तिघांनी मिळून ती डिकीत सरकवली, तेव्हा दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढीच फट राहिली. बाबाने फटीतून बोट फिरवलं आणि हात धुवायला गेला.

वायरी दुसऱ्या दिवशी वाशीच्या त्याच दुकानदाराकडून जोडून घेतल्या. पामबीचच्या रस्त्याला लागल्यावर मी गाणं लावलं.

ढूम.

पुन्हा ढूम. दुसरं गाणं लावलं, तिथेही तेच. ढोलकी असो, तबला असो, गिटार असो, मागून एकच आवाज येत होता, जाड आणि आंधळा, वरच्या मजल्यावर कुणीतरी गादी आपटत असल्यासारखा. गाणी वेगवेगळी होती आणि ढूम एकच होतं. द्रोणागिरीपर्यंत मी अकरा गाणी बदलली. यार्डाच्या गेटवर येईपर्यंत डोकं दुखायला लागलं होतं.

पुढचे तीन आठवडे मी त्या आवाजाच्या मागे होते. अॅम्प्लिफायरची सगळी बटणं फिरवून पाहिली. वायर उलटी जोडली, सुलटी जोडली. जेवणाच्या सुट्टीत यार्डाच्या पार्किंगमध्ये स्क्रूड्रायव्हर घेऊन मी डिकीत अर्धी आत असायची आणि येणारेजाणारे विचारायचे, "मॅडम, गाडीला काय झालं?" सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की सकाळी साडेसातला बी विंगखाली भिंत फोडायचं काम चालतं, परवानगी घेतली आहे का. नवऱ्याने तो मेसेज मला दाखवला आणि तो माझ्याबद्दल आहे हे माझं मलाच ओळखायला लावलं.

शेवटी पुन्हा दुकानात गेले. दुकानदाराने गाणं ऐकलं, दहा सेकंदांत बंद केलं आणि पेटीवर हात ठेवला.

"हा बॉक्स कोणी बनवला?"

"आहे एक ओळखीचा सुतार," मी म्हटलं.

"सुतार? मॅडम, ही तर बोट आहे. पाण्यात सोडा, तरंगेल." तो हसला, त्याचा माणूसही हसला, आणि थोडीशी मीही हसले. मग तो म्हणाला, "आतली हवा मोजलीय का? मला कमी वाटते."

घरी येताना गाडीत मी गाणं लावलं नाही. 'माझ्या वडलांनी बनवलाय' एवढंच म्हणायचं होतं. ते का जमलं नाही, याचा विचार करत सिग्नलला उभी राहिले, आणि मागच्याने हॉर्न दिला.

हवा मोजायची कशी? पाणी ओतता येणार नव्हतं. वाणसामानाच्या दुकानातून मी कुरमुऱ्यांची मोठी गोणी आणली, पार्किंगमध्ये वूफर काढला, तोंड आतून कापड कोंबून बंद केलं आणि लिटरच्या मापाने कुरमुरे ओतायला लागले. सासूबाई गॅलरीतून बघत होत्या. त्यांनी वरूनच विचारलं, "भेळ करतेयस का?" चव्वेचाळीस लिटरला पेटी भरली. साठ हवी होती. पुन्हा सगळे कुरमुरे काढले, मोबाइलचा टॉर्च आत धरला, आणि तेव्हा मला त्या दिसल्या.

फासळ्या. दोन्ही बाजूंना पाच-पाच, सागवानाच्या, तळापासून वरपर्यंत. प्रत्येकीची कड उतरवलेली, प्रत्येक सांध्यात भरण. होडीला आतून असतात तशाच. जिथे कुणीही कधी बघणार नव्हतं तिथे त्याने सगळ्यात चांगलं काम केलं होतं, आणि त्या कामाने माझी सोळा लिटर हवा खाल्ली होती. मी तिथेच पार्किंगमध्ये बसले. राग यायचा तर कुणाचा, तेच कळेना.

कुरमुरे सगळे निघालेच नाहीत. नंतर कितीतरी दिवस गाणं लावलं की पेटीच्या तोंडातून एखाददुसरा कुरमुरा उडून मागच्या काचेवर आपटायचा.

बाबाला लगेच सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण त्याच गुरुवारी संध्याकाळी द्रोणागिरीहून परतताना टायर पंक्चर झालं. स्टेपनी डिकीच्या तळाखाली, आणि तिच्यावर पेटी. मी वायरी सोडवल्या, बोल्ट काढले, पेटीला हात घातला. ती हललीसुद्धा नाही. बाजूने ट्रेलर जात होते आणि प्रत्येक ट्रेलरबरोबर गाडी हलत होती. वीसेक मिनिटांनी एक ट्रेलरवाला थांबला. त्याने एका टोकाला धरलं आणि लगेच सोडलं.

"मॅडम, इसमें क्या है? मशीन?"

"गाना," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग पलीकडच्या टपरीवाल्याला हाक मारली. दोघांनी मिळून पेटी उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवली. तिथे धुळीत ती एखाद्या लग्नघरातल्या संदुकीसारखी चकचकत बसली. माझे हात काळे झाले होते, ओढणी फाटली होती. घरी फोन केला तर नवरा शांतपणे म्हणाला, "मी काही बोलत नाहीये. पण ती पेटी आपण कुठेतरी ठेवूया का?"

त्याचा फोन ठेवला आणि बाबाला लावला. सगळं एका दमात बोलले. कागद दिला होता, मापं दिली होती, तू माझं ऐकलंच नाहीस, तुला विचारलं कुणी फासळ्या घालायला.

मग बाबा म्हणाला, "फासल्या नाय घातल्या तर पेटी फाटंल," आणि फोन बंद झाला.

त्या रविवारी मी गेले नाही. पुढच्या रविवारी गेले. आईने चहा दिला आणि कामाचं निमित्त काढून आत गेली. बाबा शेडमध्ये एक वल्हं तासत होता. मी म्हटलं, "चल, गाडीत बस. ऐकून तर बघ."

तो पुढच्या सीटवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मी गाणं लावलं. ढूम, ढूम. मागून दोन कुरमुरे उडाले. त्याने पूर्ण गाणं ऐकलं.

"ह्यो आवाज चुकीचा हाय," तो म्हणाला. तो विचारत नव्हता, सांगत होता.

"हो."

"मंग बरोबरचा कसा असतो?"

इतके दिवस मी लिटर बोलत होते, भोकाची लांबी बोलत होते, मोबाइलवरचे आकडे दाखवत होते. बरोबरचा आवाज कसा असतो हे मी त्याला एकदाही ऐकवलं नव्हतं. होडी न बघितलेल्या माणसाला कुणी नुसता कागद देऊन होडी बांध म्हणावं, तसं मी केलं होतं. हे लक्षात आल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. उलट आणखी वैताग आला. तीन महिने, आणि एवढी साधी गोष्ट.

बुधवारी मी अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि बाबाला यार्डाच्या पार्किंगमध्ये घेऊन आले. ऑपरेटरला आधीच सांगून ठेवलं होतं. तो जेवण आटपून आला, बाबाला बघून थोडा संकोचला.

"काका कोण?"

"माझे वडील. माझी पेटी यांनीच बांधलीय."

त्याने माझ्या डिकीत वाकून पेटी पाहिली, कोपऱ्यांवरून हात फिरवला. "काका, हे काम आमच्याकडे कोणी करत नाही," तो म्हणाला. बाबाने मान हलवली. मग बाबा त्याच्या गाडीत बसला. ऑपरेटरने हळदीचं गाणं लावलं, तेच, ज्याने हे सगळं सुरू झालं होतं. ढोल वेगळा होता, त्याच्या खालचा संबळ वेगळा होता, दोघांच्या मधे जागा होती. बाबा डोळे मिटून ऐकत होता. दुसऱ्या कडव्याला तो खाली उतरला, मागे गेला आणि वाजत्या पेटीवर तळहात ठेवला.

"आत फासल्या किती हायेत?"

"फासळ्या नाही काका. मधे एक दांडी आहे आडवी. बस."

"एकच?"

"एकच."

परतताना उरण आलं. बाबा एकदम म्हणाला, "होडीला बाहेरून पानी दाबतं. हिला आतून हवा दाबती. मी बाहेरच्या दाबाची बांधली." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "तू सांगितलं नाय."

"मला माहीतच नव्हतं, बाबा."

"मंग कोनाला माहीत होतं?"

दोघंही थोडे चिडलेलेच घरी पोचलो.

फासळ्या काढता येत नव्हत्या. त्याने त्या जन्मभरासाठीच चिकटवल्या होत्या. पेटीचा मागचा तक्ता कापून काढावा लागला. करवत लावताना मी तिथे थांबू नये असं आईने सुचवलं, पण मी थांबले. बाबाने हात लावता येतील तेवढ्या फासळ्या छिन्नीने तासून टाकल्या, एकेक करून, सागवानाची लांब सालपटं निघत होती. तरी सगळी हवा परत मिळाली नाही. मग त्याने मागे चार बोटांची वाढ दिली आणि नवा तक्ता बसवला. मधे एक दांडी घातली. यावेळी कुरमुऱ्यांनी मीच मोजलं, त्याच्यासमोर. साठला एक लिटर कमी भरलं. तो म्हणाला, "येक लिटर मी कुटनं आनू?" मी म्हटलं, राहू दे.

आवाज बरोबर आला. अगदी ऑपरेटरच्या गाडीसारखा नाही, पण ढोल ढोलासारखा आणि तबला तबल्यासारखा. पहिल्या दिवशी द्रोणागिरीला मी वीस मिनिटं लवकर पोचले आणि गेटबाहेर बसून राहिले. पण चार बोटं मागे वाढल्यामुळे मागची सीट आता पूर्ण सरळ होत नाही. सासूबाई फिजिओथेरपीला जाताना पुढे वाकून बसतात आणि उतरताना दर वेळी कंबर धरतात. आता त्या बऱ्याचदा रिक्षाने जातात. नवरा अजूनही काही बोलत नाही. स्टेपनी मी पेटीखालून काढून बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये ठेवली आहे, म्हणजे पंक्चर झालं तर ती माझ्यापासून पंचवीस किलोमीटरवर असेल. हे शहाणपणाचं नाही, हे मला कळतं.

आणि महिन्याभराने डिकीच्या दारातून एक खडखड सुरू झाली. पत्र्यावर नाणं नाचावं तशी, फक्त खालच्या सुरांना. नंबर प्लेटच्या मागे फोम लावला, गेली नाही. दाराच्या रबराला पावडर लावली, गेली नाही. गेल्या रविवारी बाबाला मागच्या सीटवर उलटा गुडघ्यांवर बसवून मी जेट्टीच्या रस्त्याने हळूहळू गाडी चालवत होते, गाणं लावून. तो दारावर जागोजागी तळहात दाबत होता.

"हितं हाय. थांबली बग."

"नाही थांबली. मला ऐकू येतेय."

"तुला म्होरं बसून काय ऐकू येतंय? मी हात ठेवलाय ना."

"बाबा, डावीकडे बघ. लॉकपाशी."

"लॉकपाशी नाय."

"एकदा हात तर लावून बघ."

"नाय म्हनतो ना. गानं मागं घे जरा, परत लाव."

मी गाणं मागे घेतलं.